कानांची हजेरी

प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक हवी म्हणून ओढायला जावं, तर दहा बाहेर येतात. आमच्या रविवारच्या वर्गाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा भाचीने सहज विचारलं, "मावशी, तू त्या म्हात्रे सरांच्या वर्गाला जायचीस, तिथे नक्की काय करायचात गं?" मी एक सांगायला घेतला आणि तिचा चहा दोनदा गरम करावा लागला.

आधी ओळख करून देते. म्हात्रे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी गास गावातल्या आपल्या वाडीत मोठ्या माणसांसाठी निसर्गाचा वर्ग काढला. मुलांना फुलपाखरं दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांचं म्हणणं. पण झाड तोडायचं की ठेवायचं हे मुलं ठरवत नाहीत, सोसायटीच्या मीटिंगमधले काका-काकू ठरवतात. तेव्हा शिकवायचं तर त्यांना. आणि शिकून झालं की प्रत्येकाने आपल्या गल्लीत, गावात, सोसायटीत माणसं गोळा करायची, त्यांना फिरवायचं आणि दाखवायचं. एवढीच परीक्षा.

पहिल्या तुकडीत शेवटपर्यंत टिकलो ते चौघं. मी एव्हरशाईन सिटीतली, विमा कंपनीतून व्हीआरएस घेतलेली. घरी बसून मी सगळ्यांवर खेकसायला लागले होते, म्हणून नवऱ्यानेच मला स्कूटरवर घालून वर्गाला नेऊन सोडलं. कुंदाताई मिठागरांकडच्या गावातल्या, आयुष्यभर बालवाडी चालवलेल्या. प्रथमेश तुळिंजच्या जिममध्ये ट्रेनर. दंड माझ्या मांडीएवढे, आणि सुरवंट दिसला की माझ्या मागे लपायचा.

चौथे बर्नडकाका. चर्चमध्ये वाचन करायचे. घरची त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी ते वाचनातलीच मराठी बोलत, एकेक शब्द तोलून. पहाटेची मिस्सा आटोपून थेट वाडीत यायचे, इस्त्रीच्या शर्टात. चिखलात बसतानाही आधी रुमाल अंथरायचे.

*

वर्गाची सुरुवात हजेरीने व्हायची. आमची नव्हे, पक्ष्यांची. आंब्याखाली ताडपत्रीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. नवा आवाज आला की एक बोट वर. सर थांबा म्हणाले की डोळे उघडायचे आणि एकेकाने सांगायचं, कोण कोण आलं होतं. सर याला कानांची हजेरी म्हणायचे.

पहिल्याच रविवारी डोळे मिटले. बुलबुल बोलला, तांबटाचं टुक-टुक सुरू झालं, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावरून खंड्या ओरडत गेला. मग एक भलताच आवाज यायला लागला. घुर्र, घुर्र, मध्येच शिट्टी. मी बोट वर केलं. प्रथमेशनेही केलं. डोळे उघडून बघतो तर कुंदाताई आंब्याला टेकून गाढ झोपलेल्या.

सरांनी त्यांना उठवलं नाही. सगळ्यांची हजेरी घेऊन झाली तेव्हा त्या आपोआप जाग्या झाल्या आणि जराही न लाजता म्हणाल्या, "सर, जन्मात पयल्यांदा कुनीतरी मला म्हनालं, डोळे मिट आनि गप बस. मी काय करनार?"

सर म्हणाले, "काही नाही. तुमची हजेरी सगळ्यांनी लावली आहे."

*

प्रथमेशचा तिसरा-चौथा रविवार असेल. पठ्ठ्याने हजेरीत धडाधड नावं सांगितली. बुलबुल, शिंपी, हळद्या, कोतवाल, भारद्वाज. आम्ही बघतच राहिलो. सरांनी शांतपणे विचारलं, "हळद्या कुठल्या बाजूने बोलला?"

प्रथमेशने प्रामाणिकपणे बर्नडकाकांकडे बोट दाखवलं. काका ऐकता ऐकता ओठांतल्या ओठांत नावं पुटपुटायचे आणि हा त्यांना चिकटून बसला होता.

"म्हणजे प्रॉक्सी," सर म्हणाले. "कॉलेजात चालत असेल, इथे चालणार नाही. नीट ऐका सगळे. नाही ऐकलं ते सांगायचं नाही आणि ऐकलं ते लपवायचं नाही. वर्गाचा नियम एवढाच, बाकी सगळं पुस्तकात मिळेल."

प्रथमेश म्हणाला, "सॉरी सर. पण काकांचा आवाज मला क्लिअर आला होता."

*

आम्ही बसायचो त्या आंब्यावर बांडगूळ होतं. बांडगूळ झाडाचा रस पितं, आंबे कमी धरतात, म्हणून सरांचे धाकटे भाऊ ते दरवर्षी कापायला निघायचे आणि सर दरवर्षी शिडी लपवून ठेवायचे. शेवटी एकदा सरांनी सांगून टाकलं, वाडीतले बाकी सगळे आंबे तू घे, हे एक झाड माझ्या वाट्याचं.

कारण त्या बांडगुळावर फुलटोचा यायचा. आपल्याकडचा सगळ्यात बारका पक्षी, अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, बघितला तरी बघितल्यासारखं न वाटणारा. बांडगुळाची फळं खायची आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून टाकायची हा त्याचा धंदा. आवाज त्याहून बारीक. दोन घरं पलीकडे कोणी गॅसचा लायटर दाबावा तसं टिक्, टिक्, टिक्.

मला तो आवाज सापडायला पावसाळा उलटावा लागला. ज्या दिवशी सापडला, त्या दिवशी मी डोळे मिटलेले असतानाच "आला!" म्हणून ओरडले आणि तो उडून गेला. सर रागावले नाहीत. म्हणाले, "हा आपल्या वर्गाचा मॉनिटर. हा ज्याला ऐकू आला, त्याचे कान उघडले. आणि ज्या दिवशी तो मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी वर्ग बंद. मला जे ऐकू येत नाही ते तुम्हाला शिकवायचा मला काय अधिकार?"

आम्ही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. सरांना बावखलापलीकडचा फुलटोचा ऐकू यायचा.

*

आता बर्नडकाकांचं ऐका. एकदा विजेच्या तारेवर एक पक्षी बसला होता आणि काकांनी छातीठोकपणे सांगितलं, शिक्रा. आम्ही सगळ्यांनी शिक्रा म्हणून बघून घेतला. पुढच्या रविवारी काका ताडपत्रीवर बसेनात. उभेच राहिले आणि म्हणाले, "मागच्या रविवारी मी आपणा सर्वांना चुकीचं सांगितलं. मी घरी जाऊन पुस्तक पाहिलं. तो पावशा होता. मला क्षमा असावी."

सर म्हणाले, "अहो बर्नड, भलेभले फसतात. पावशा दिसतोच शिक्र्यासारखा."

"तरीही," काका म्हणाले, "मी काल फादरांकडे कबुली दिली."

प्रथमेशला खरंच वाटेना. "काका, तुम्ही पक्षी चुकला म्हणून कन्फेशनला गेलात? फादर काय बोलले?"

"त्यांनी विचारलं, पावशा म्हणजे कोणता."

*

या सत्यवचनी माणसाने आमच्या सोसायटीत माझं नाक कापायची वेळ आणली होती. आमच्या पार्किंगमध्ये एक मोठा रेन ट्री आहे, त्यावर रातबगळे घरटी करतात. खाली गाड्यांवर पांढरा सडा. सेक्रेटरींनी फांद्या उतरवायला माणूस ठरवला. मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं, घरट्यांत पिल्लं आहेत, थांबा. ते म्हणाले, पिल्लं कसली, सगळी घरटी रिकामी आहेत. मी म्हटलं, उद्या माझे तज्ज्ञ आणते.

तज्ज्ञ म्हणजे बर्नडकाका, दुर्बीण घेऊन. त्यांनी निवांतपणे फांदी न् फांदी पाहिली. अर्धी सोसायटी खाली जमली होती. मी काकांच्या कानात सांगून ठेवलं होतं, जरा जोरात बोला. ते जोरातच बोलले, "पिल्लं एकाच घरट्यात दिसली. बाकीची रिकामी आहेत."

मला वाटलं, दुर्बिणीचा पट्टा इथेच यांच्या गळ्याभोवती आवळावा.

सेक्रेटरी म्हणाले, "एकात आहेत?"

"आहेत. तीन असावीत."

सेक्रेटरी थोडा वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सगळी घरटी भरलेली आहेत म्हणाला असतात ना, तर उद्याच फांद्या उतरवल्या असत्या. मी सकाळीच गच्चीवरून बघून आलोय. ठीक आहे. ती तीन उडेपर्यंत थांबू."

मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर काका पुन्हा बोललेच, "तिसऱ्याचं नक्की नाही."

*

कुंदाताईंची परीक्षा मिठागराच्या बांधावर झाली. गावातली पंधरा-वीस माणसं आली होती. त्यात एक रिटायर्ड फौजदार, मिशा अजून ड्युटीवर असलेल्या. कुंदाताईंनी आयुष्यात बालवाडीशिवाय कुठलाही वर्ग घेतलेला नव्हता, त्यामुळे त्यांना दुसरी पद्धतच माहीत नव्हती.

"चला, हाताची घडी, तोंडावर बोट," त्यांनी सुरुवात केली. माणसांनी आधी एकमेकांकडे बघितलं. मग कसं कोण जाणे, सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं. फौजदारांनी मिशीवर. "कुनाला शूला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मंग मधी उठायचं नाय." दोघं खरंच जाऊन आले.

पाण्यात शेकाटे उभे होते, काळे-पांढरे, लांब पायांचे. "लाल लाल पाय कुनाचे?" कुंदाताईंनी विचारलं. "शेकाट्याचे," सगळा बांध एका सुरात. आम्ही मागे उभे राहून हसू दाबत होतो, पण सर म्हणाले, बघा, एकही माणूस मोबाइल बघत नाहीये.

निघताना बांध अरुंद, एका बाजूला पाणी, म्हणून कुंदाताईंनी फर्मान काढलं, "दोघा-दोघांनी हात धरून चालायचं." फौजदारांच्या वाट्याला आला त्यांचा शेजारी. कुंपणाच्या भिंतीवरून दोघांचं वाजलेलं, कित्येक वर्षं बोलणं बंद. अख्ख्या गावाला माहीत होतं. दोघांनी हात धरले. बांध संपला, रस्ता आला, रिक्षा स्टँड आला, तरी धरलेलेच होते.

मी कुंदाताईंना विचारलं, मुद्दाम केलंत का? तर म्हणाल्या, "नाय ओ. हात सोडा म्हनायचं इसरले."

*

प्रथमेश मात्र रडकुंडीला आला होता. "सर, तुळिंजमध्ये नेचर कुठून आणू? तिथे चालायला जागा नाय." सर म्हणाले, तू फक्त वर बघ.

त्याने वर बघितलं आणि त्याला घारी दिसल्या. आठवडाभर बघत राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाजारातला चिकनवाला दुपारी दुकान धुवायच्या आधी आतडी-बितडी मागच्या पत्र्यावर टाकतो, आणि बरोबर त्या वेळेला सगळ्या घारी गोळा होतात. झालं, ठरलं. जिममधली बारा दांडगी पोरं घेऊन हा चिकनच्या दुकानासमोर उभा. पंख कसे वाकवतात, शेपटी कशी वळवतात, वरच्या वर झेप कशी घेतात, असं झकास समजावून सांगितलं की भाजी घेणाऱ्या बायका पिशव्या घेऊन थांबल्या. सर पाठीमागे उभे राहून नुसते मान हलवत होते.

चिकनवाल्याला आधी वाटलं, ही पोरं दुकान बंद करायला आली आहेत. तसं नाही कळल्यावर तो खूश झाला. म्हणाला, "देखो, आराम से देखो. लेकिन खाली हाथ मत जाना."

मग सगळ्यांनी काळ्या पिशवीतून अर्धा-अर्धा किलो घेतलं आणि फेरी पुढे निघाली. थोड्या वेळाने सर म्हणाले, "प्रथमेश, पुढच्या चौकात काय दाखवणार?" प्रथमेशने वर बघितलं. सगळ्या घारी पिशव्यांच्या मागोमाग येत होत्या.

"सर, तेच," तो म्हणाला.

*

हे सगळं आठवलं की वाटतं, तेव्हा आमच्या आयुष्यात काही कमी नव्हतं. घरी परतताना पायाला चिखल, केसांत पालापाचोळा, काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, बांधून दिलेली केळी. मी त्या वयात पुन्हा शाळेत जात होते आणि मला शाळा आवडत होती. अख्ख्या आठवड्यातला तो एक दिवस मी कोणावर खेकसत नसे.

आधी काकूंच्या लक्षात आलं. एका रविवारी मी कप विसळायला आत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "शुभदाताई, यांच्या घड्याळाचा गजर वाजतो ना, बारीक टीटी करून, तो यांना ऐकूच येत नाही हल्ली. मी उठवते. कुकरची शिट्टी येते, माझं बोलणं येतं. बारीक आवाज तेवढे गेले." डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. ते लावलं की भांड्यांचा खणखणाट सोसवायचा नाही आणि पक्षी तरीही यायचे नाहीत. म्हणून मशीन कपाटात.

"त्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"कळत असणारच. बोलत नाहीत." मग कप पुसता पुसता म्हणाल्या, "हा रविवार गेला ना, तर या माणसाच्या आठवड्यात मला काही उरलेलं दिसत नाही." मी तोच कप पुन्हा विसळला.

त्या दिवसापासून मी डोळे अर्धवट मिटायला लागले. फुलटोचा डोक्यावर टिक्-टिक् करत असायचा, आमची सगळ्यांची बोटं वर, आणि सरांचा हात मांडीवर तसाच.

*

मी बाकीच्या तिघांना सांगितलं. कुंदाताईंनी लगेच उपाय काढला. "आमच्या ग्यादरिंगला पोर स्टेजवर अडलं की मी विंगेतून खाकरायची. मंग त्याला आठवायचं. तसंच करते. सरांच्या बाजूला बसते. तो बोलला की खोकते."

बर्नडकाका म्हणाले, "ही प्रॉक्सी आहे."

"खोकला येनं पाप हाय का?"

काकांनी बराच वेळ विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पण मला कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन. विचारलं नाही, तर गप्प राहीन."

तसं ठरलं. पुढच्या रविवारी फुलटोचा आला, कुंदाताई खोकल्या. थोडा वेळ काही झालं नाही. तो पुन्हा बोलला, त्या पुन्हा खोकल्या. सरांचं बोट हळूच वर गेलं. त्यांना खोकल्याचा अर्थ कळला होता की कान देऊन खरंच काही ऐकू आलं होतं, मी सांगू शकत नाही. पण त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या, हसताना पडतात तशा.

कित्येक रविवार असे छान गेले. आणि मग कुंदाताईंना सर्दी झाली.

घरी राहायचं सोडून त्या आल्या, कारण त्या नाही आल्या तर खोकणार कोण? डोळे मिटले. सकाळ अगदी शांत होती, एक तांबट आणि लांबवर कावळे. कुंदाताई खोकल्या. मग पुन्हा खोकल्या. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. मी डोळे उघडले. सरांच्या एका हाताची बोटं संपली होती, दुसऱ्या हाताची संपत आली होती. प्रथमेश मान खाली घालून बसला होता.

"थांबा," सर म्हणाले. चेहरा नुसता फुललेला. "काय हो आज! फुलटोच्यांची जत्राच भरली होती. बर्नड, तुम्ही किती ऐकले?"

आम्ही तिघांनी काकांकडे बघितलं. मी मनातल्या मनात हात जोडले. काकांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली.

"एकही नाही, सर. आज तो आलेलाच नाही."

कुंदाताईंना त्याच वेळी पुन्हा खोकला आला. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या वर राहिलेल्या बोटांकडे. "म्हणजे मी यांच्या खोकल्याची हजेरी लावत होतो," ते म्हणाले आणि हसायला लागले. आम्हीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते हसायचे थांबले. "नियम मीच केला होता. आणि प्रॉक्सी मीच घेतली. पुढच्या रविवारी सगळ्यांनी या. शेवटचा वर्ग."

परत येताना आम्ही एकाच रिक्षात होतो. बर्नडकाकांचा मला इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. कुंदाताई मात्र रडत रडत म्हणत होत्या, "त्यांना नका बोलू. खोकले मी."

*

शेवटच्या वर्गाला आम्ही चौघंही वेळेआधी पोहोचलो. काही ठरवलं नव्हतं. ठरवायचं काय, कोणाला बोलवतच नव्हतं. काकूंनी घावणे केले होते. ताडपत्री सरांनी स्वतः झटकून अंथरली होती. बर्नडकाका रुमाल न अंथरताच बसले.

"शेवटची हजेरी," सर म्हणाले. "डोळे मिटा."

त्या सकाळी सगळे आले. बुलबुल, तांबट, शिंपी, बावखलाच्या काठावरून भारद्वाज. आणि बरोबर आमच्या डोक्यावर बांडगुळात फुलटोचा. टिक्, टिक्, टिक्. एवढ्या जवळून आणि एवढा स्पष्ट मी त्याला कधीच ऐकला नव्हता. थांबायलाच तयार नाही.

"थांबा. प्रथमेश, सांग."

प्रथमेशने सांगितलं, "बुलबुल. तांबट. शिंपी. भारद्वाज." मग तो थांबला.

"आणखी?"

"आणखी नाय, सर."

सरांनी कुंदाताईंकडे बघितलं. त्यांची सर्दी गेली होती. त्या म्हणाल्या, "मला पन तेवढेच."

माझी पाळी आली. वर टिक्-टिक् चाललंच होतं. मी म्हटलं, "तेवढेच, सर."

सरांनी मान वर केली. त्यांचे कान गेले होते, डोळे नव्हते. "तो समोर बसलाय," ते म्हणाले. "चोच उघडतोय, मिटतोय, मला दिसतंय. गळा हलतोय त्याचा. आणि तुम्हाला कोणालाच ऐकू येत नाही?" सर वळले. "बर्नड, तुम्ही सांगा. तुमच्यावर माझा विश्वास आहे."

बर्नडकाका उठून उभे राहिले, चर्चमध्ये वाचनाला उभे राहतात तसे. आधी त्यांनी आंब्याकडे बघितलं. मग सरांकडे. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाही, सर," ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. आतून काकूंच्या तव्याचा आवाज आला, तो थांबला. फुलटोचा उडून पलीकडच्या फांदीवर गेला आणि तिथून बोलायला लागला.

"इतके रविवार शिकून," सर म्हणाले, "एकालाही फुलटोचा ऐकू येत नाही."

"नाही, सर," बर्नडकाका म्हणाले.

"शनिवारी तुम्हाला हे फादरांना सांगावं लागेल, बर्नड."

"सांगेन."

सरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. मग ताडपत्रीवर मांडी घालून नीट बसले.

"पहिल्यापासून घ्यावं लागणार," ते म्हणाले. "डोळे मिटा."